चाल कुणाला येते?

आमच्या चर्चच्या गीतपुस्तकात शब्द छापलेले असतात, चाली नसतात. घरातलं एखादं जुनं पुस्तक उघडून पाहा. वर गीताचा क्रमांक, त्याखाली कुठे रागाचं नाव, कुठे ताल, आणि पुष्कळ ठिकाणी ‘चाल’ असं लिहून पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी पदाची पहिली ओळ. ज्या काळात ते छापलं त्या काळात ती ओळ सगळ्यांच्या तोंडी असणार. कीर्तनातली असेल, संगीत नाटकातली असेल, बायकांच्या फेरातली असेल. छापणाऱ्याला वाटलं, एवढी खूण पुरे. आज त्या खुणेवरून आम्हाला काही ऐकू येत नाही. मग शनिवारच्या प्रॅक्टिसला असं एखादं पद निघालं की आमचं गाणं बसवणारे सर पेटीवरचा हात उचलतात आणि विचारतात, “ही चाल कुणाला येते?”

आमच्या गायनमंडळाचा सगळा जीव मला या प्रश्नात दिसतो.

आमची मंडळी पुण्यातली, पण मुळात पुण्याची म्हणावीत अशी घरं तिच्यात थोडी. कुणाचे आजोबा नगरहून आले, कुणाचे वडील सोलापूरहून रेल्वेत लागले, कुणी जालन्याचं, कुणी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकून इकडे आलेलं. प्रत्येकाच्या मागे वेगळं मिशन. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला त्यांचं ठाणं झालं. जालन्याकडे स्कॉटिश मिशन, कोल्हापूर-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि यातली बरीचशी मंडळं कागदावर एका छपराखाली आली. गाण्यात ती एकत्र यायला मात्र वेळ लागला, आणि माझ्या मते ते काम अजून चालूच आहे. कारण पद एकच, शब्द तेच, पण नगरची चाल वेगळी आणि मिरजेची वेगळी. दोघांनाही आपलीच चाल मूळची वाटते. त्यात हट्ट असतो, पण त्याहून जास्त आई असते. जिच्या मांडीवर बसून ते पद ऐकलं तिची चाल चुकीची होती असं मान्य करायला कुणाचं मन धजेल?

आमच्या सरांनी यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. ते कुठल्याच चालीला मूळ ठरवत नाहीत. एका रविवारी नगरची, दुसऱ्या खेपेला मिरजेची. नगरची बसवायची तेव्हा नगरच्या माणसाने शिकवायची, आणि मिरजेच्या माणसाने पहिल्या रांगेत उभं राहून शिकायची. असं करता करता आमच्या मंडळात अशी माणसं तयार झाली आहेत की ज्यांना एका पदाच्या दोन-दोन, तीन-तीन चाली येतात आणि ज्यांच्या तोंडून कुठल्या गावाची कुठली हे सहज निघतं. एकी म्हणतात ती मला सभेच्या ठरावांपेक्षा या रांगेत जास्त भेटली.

मराठीत ख्रिस्ताचं गाणं गाण्याची रीत या मिशनांच्या कितीतरी आधीची आहे. फादर स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ साली छापलं गेलं, ओवीत. ते गाऊन ऐकायचं काव्य होतं आणि तिथल्या चर्चमधून ते गायलं जाई. एकोणिसाव्या शतकात नगरकडे कृ. र. सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं: टाळ, मृदंग, साकी, दिंडी, अभंग, आणि आख्यान बायबलातलं. त्यानंतर आले नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची अनेक वर्षं नगरला काढली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. त्यांनी शंभराहून अधिक गीतं लिहिली आणि मराठी उपासनेला आपल्या मातीतला सूर दिला. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई मराठी वाचकाला ठाऊक असतात. आम्हाला त्या आमच्यापैकी एक म्हणून आधी ठाऊक असतात. लहानपणी मोठ्यांच्या बोलण्यात टिळकांचं नाव असं यायचं की ते कालपर्यंत मागच्या बाकावर बसत असावेत.

याच्याच जोडीला दुसरी परंपरा, जहाजातून आलेली. चार भागांतलं गाणं. सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकलेल्या मागच्या पिढीतली काही माणसं टॉनिक सोल्फा वाचायची. त्यांना कागदावरची अक्षरं दिसली की घशात आपोआप सूर उमटायचा. मी आल्टो गाते. आल्टोला बहुतेक वेळा सुंदर असं काही मिळत नाही. वरचे सोप्रानो चाल घेऊन जातात, खालचे बेस जमीन धरतात, आणि आम्ही मधे एक-दोन सुरांत फिरत असतो. पण आल्टोच्या एका बाईने स्वर सोडला की सगळं गाणं पातळ होतं, हे आमच्यातल्या प्रत्येकीला कळतं. नाताळच्या संयुक्त कार्यक्रमात आम्ही हँडलच्या ‘मसीहा’मधला हालेलूया कोरस बसवला, तेव्हा टेनरला पुरुष कमी पडत होते. आल्टोतल्या दोघी कुणी न सांगता टेनरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो भाग घरी बसून पाठ करून आणला. १७४२ साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा गायलं गेलेलं हे गाणं पुण्यातल्या एका बँक कर्मचारी बाईने आणि एका शिक्षिकेने कुकरच्या शिट्ट्यांमध्ये पाठ केलं, याचा मला अभिमान वाटतो.

माझ्या मनात फार दिवस घोळत असलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. हे जे बाहेरून आलेलं गाणं आहे, ते सुरक्षित आहे. ‘सायलेंट नाइट’ १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ नावाच्या लहानशा गावात पहिल्यांदा गायलं गेलं. आज त्याचं नोटेशन जगातल्या कुठल्याही शहरात मिळतं, चारही भागांसकट. उद्या पुण्यात ते गाणारं एकही माणूस उरलं नाही, तरी परवा कुणीतरी कागद उघडून ते पुन्हा गाऊ शकेल. आमच्या पदांचं तसं नाही. जी चाल नगरच्या खेड्यात जन्मली, जिला कधी कुणी स्वरलिपीत बसवलं नाही, ती एखाद्या मावशीच्या गळ्यात आहे तोवर आहे. जे आपलं म्हणून आपण छातीशी धरतो, तेच सगळ्यात उघड्यावर पडलेलं आहे.

अशाच एका पदासाठी आम्ही मंडळीतल्या एका मावशींच्या घरी गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. माहेर नेवासे तालुक्यातलं. त्यांचे वडील पाळक होते आणि गावोगाव कीर्तनं करत. पद पुस्तकात होतं, चालीची ओळ छापलेली होती, पण आमच्यापैकी कुणालाच ती ओळखू येईना. कुणीतरी म्हणालं, मावशींना विचारू.

सरांनी पेटी खाटेजवळच्या स्टुलावर ठेवली. मावशींनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज थरथरत होता, पण सूर जागेवर होता. सर पेटीवर पट्टी शोधू लागले. काळी एक लावली तर मावशी जरा वर, पांढरी दोन लावली तर जरा खाली. दोन्हीच्या मधे कुठेतरी त्यांचा सा होता. सरांनी भाता सोडला आणि पेटी बंद केली. “मावशी, तुम्ही गा. आम्ही तुमच्या मागे येतो.”

त्यांचा उजवा हात गोधडीवर ताल देत होता. सम आली की तळवा, खाली आली की उलटा हात. दुसऱ्या ओळीत आम्ही सरळ जाऊ बघत होतो तिथे त्या कोमल निषादाला हलकेच स्पर्श करून परत येत होत्या. तीन-चारदा ऐकल्यावर ते कळलं. आमच्यातला एक तरुण मुलगा, कंपनीत नोकरी करतो, तबला शिकलेला, त्याने एका ओळीनंतर श्वास घेतला. मावशींनी डोळे न उघडता हात वर केला.

“अरे बाळा, तिथं थांबू नकोस. तिथं अर्थ संपत नाही. श्वास पुढं घे.”

त्याने पुढच्या खेपेला तसं केलं. आणि आम्हाला सगळ्यांना ते कडवं पहिल्यांदा समजलं. वर्षानुवर्षं वाचलेले शब्द होते. पण ओळ जिथे छापताना तोडली होती तिथे आम्ही मनातही थांबत होतो, आणि वाक्य पुढच्या ओळीत जाऊन पुरं होत होतं. मावशींच्या वडिलांनी ते जाणलं होतं, चालीत सांभाळलं होतं, आणि मुलीला दिलं होतं. चाल म्हणजे पदावर चढवलेला दागिना असं मानणाऱ्यांनी त्या खाटेजवळ बसायला हवं होतं. मला तरी त्या संध्याकाळी कळलं की जुन्या माणसांनी पदाचं विवेचन चालीत करून ठेवलेलं आहे.

त्या मुलाने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं आणि नंतर रात्री जागून भातखंडे पद्धतीने लिहून काढलं. पुढच्या रविवारी उपासनेत आम्ही ते पद गायलो. मावशींच्या सुनेने फोन लावून उशाशी ठेवला होता.

गायनमंडळ म्हटलं की लोकांना रविवारची सकाळ दिसते. सारख्या रंगाच्या साड्या, हातात फोल्डर, वेदीच्या बाजूला उभी रांग. पण आमचं निम्मं काम चर्चच्या बाहेर चालतं. डिसेंबर लागला की रात्री कॅरोल निघतात. ढोलकी, झांजा, एक गिटार, आणि वीस-पंचवीस माणसं. पूर्वी सगळी घरं चर्चच्या आसपास होती, चालत फिरता यायचं. आता मंडळी वाघोलीपासून निगडीपर्यंत पसरली आहे, म्हणून गाड्या करून जावं लागतं, सोसायटीच्या गेटवर नावं लिहावी लागतात. रखवालदार विचारतात, काय कार्यक्रम आहे? एकदा एका गेटवर सरांनी कार्यक्रम समजावून सांगण्याऐवजी सरळ एक कडवं गायलाच सांगितलं. त्या रखवालदाराने खुर्ची सोडून उभं राहून ते ऐकलं, आणि दरवर्षी तिथे गेलो की तो आधी आपल्यासाठी एक गायला लावतो.

आमच्याकडे एक रीत आहे. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी आम्ही सगळ्यात आधी जातो. तिथे ढोलकी वाजत नाही. एक शांत गीत, प्रार्थना, आणि मग घरच्यांनी म्हटलं तरच दुसरं. अशा घरात बहुधा फराळ केलेला नसतो. आमच्यातल्या बायका करंज्या आणि चकल्या डब्यात भरून नेतात आणि त्या घरच्या ताटात मांडतात, म्हणजे आलेल्यांना फराळ त्या घरातूनच दिला जातो. ही रीत कुणी सुरू केली ते कुणाला सांगता येत नाही. मोडायची हिंमतही कुणाला होत नाही.

आणि मग दफनविधी. गायनमंडळात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी आधी हे सांगते, की फोन केव्हाही येईल. परीक्षा असेल, ऑफिस असेल, पण घरी माणूस गेलं की त्या घराला आधी पाळक आणि मग गायनमंडळ आठवतं. घरातली उपासना पेटीवर होते. दफनभूमीत पेटी नेत नाहीत. तिथे कुणीतरी गीत उचलायचं असतं. उघड्या मैदानात आवाज उडून जातो, पहिल्या ओळीलाच पट्टी चुकली तर तिसऱ्या ओळीला वरचा सूर कुणाला लागत नाही, आणि ऐकणाऱ्यांच्या मनाची स्थिती अशी की सूर तुटलेला सहन होणार नाही. आमच्यातले एक काका, बेस गाणारे, पायाशी बघून अगदी खालच्या पट्टीत सुरुवात करतात. बेसच्या माणसाने गीत उचलावं याला कारण आहे: त्यांनी उचललेली पट्टी सगळ्यांना पेलते. रडणाऱ्यांनाही.

एका तरुण बाईचे यजमान अचानक गेले. मूठमाती देऊन झाली, आम्ही गात होतो. पहिलं कडवं ती गप्प होती. दुसऱ्या कडव्याला तिने गायला सुरुवात केली, अगदी हळू, आणि शेवटपर्यंत गायली. मी तिच्या शेजारी उभी होते. त्यानंतर कित्येक महिन्यांनी ती प्रॅक्टिसला आली आणि म्हणाली, “ताई, मला त्या दिवशीचे सगळ्यांचे चेहरे आठवत नाहीत, पण गीत आठवतं. मला पूर्ण शिकायचंय.” ती आता आल्टोमध्ये माझ्या डाव्या बाजूला उभी असते.

गायनमंडळात सगळं गोडच असतं असं कुणी मानू नये. सोलो कुणाला मिळाला यावरून माणसं दुखावतात. मंडळीच्या निवडणुकीत दोन बाजूंना गेलेली दोन घरं अशी आहेत की एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत. त्या दोन घरांतले दोन पुरुष आमच्या टेनरमध्ये शेजारी उभे राहतात, कारण टेनरला माणसंच तेवढी आहेत. ते एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ म्हणतात, एका फोल्डरमधून वाचतात, आणि पान कुणी उलटायचं हे त्यांचं न बोलता ठरलेलं आहे. त्यांच्यात समेट झालेला नाही. तरी गेल्या उत्तम शुक्रवारी, तीन तासांच्या उपासनेत, एकाचा घसा बसला तेव्हा दुसऱ्याने त्याचा भाग उचलून धरला. मी याचा अर्थ लावायला जात नाही. पाहिलं ते सांगितलं.

तरुण मुलं आता गिटार आणि कीबोर्ड घेऊन येतात, हिंदी आणि इंग्रजी गीतं गातात, भिंतीवर प्रोजेक्टरने शब्द दाखवतात. मला त्यांचं गाणं आवडतं. त्यांच्या डोळ्यांत प्रार्थना दिसते आणि मंडळीतली लहान मुलं त्यांच्यामुळे चर्चला टिकली आहेत. एकाच गोष्टीला माझा विरोध आहे आणि तो मी प्रॅक्टिसमध्येही बोलून दाखवते. अभंगाला कीबोर्डवरचा तयार ठेका लावू नका. यंत्राचा ठेका कुणासाठी थांबत नाही. अभंग हा माणसांच्या घोळक्याने म्हणायचा, म्हाताऱ्यांना श्वास लागतो तिथे जरा सैल व्हायचा, आणि पुन्हा टाळीवर एकत्र यायचा. त्या ठेक्यात मावशींनी सांगितलेला श्वास बसत नाही. आणि प्रोजेक्टरसुद्धा, पुस्तकासारखाच, फक्त शब्दच दाखवतो.

या मुलांच्या हातात एक गोष्ट मात्र आहे जी आमच्या आधीच्या कुठल्याही पिढीकडे नव्हती. प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. टिळकांच्या काळातल्या चाली त्यांच्या तोंडून जशा निघाल्या तशा आज कुणालाच ऐकता येत नाहीत. पण त्या काळच्या माणसांकडून ज्यांनी ऐकलं, त्यांच्याकडून ऐकलेली माणसं अजून आहेत. ती सगळीच आता म्हातारी आहेत.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात किंवा मंडळीत अशी एखादी आजी, एखादे आजोबा असतील, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा. फोन रेकॉर्डिंगला लावा. आधी त्यांचं नाव, गाव, आणि हे पद कुणाकडून शिकले ते त्यांच्याच तोंडून बोलून घ्या. गीताचा क्रमांक आणि पुस्तकाचं नाव सांगा. मग सगळी कडवी गाऊ द्या, पहिल्यावर थांबवू नका, आणि पेटी लावू नका, त्यांना त्यांचा सूर धरू द्या. ते रेकॉर्डिंग आपल्या गायनमंडळाला द्या आणि येत्या नाताळापर्यंत त्यातलं एक तरी पद उपासनेत बसवा. स्वरलिपी लिहिणारं कुणी सापडलं नाही, तर आमच्यासारख्या एखाद्या मंडळाला विचारा. शनिवारी संध्याकाळी आम्ही चर्चच्या मागच्या खोलीत असतो.